नवा म्हणून बसवलेला एक्सल आणि बावीस हजारांचा गिअरबॉक्स

आमची गाडी नऊ वर्षांची छोटी हॅचबॅक. गेल्या पावसाळ्यात सोसायटीच्या गेटमधून उजवीकडे पूर्ण वळवली की डाव्या चाकातून कट-कट-कट आवाज यायला लागला. गिअरबॉक्सपासून चाकापर्यंत जाणारा दांडा म्हणजे एक्सल. त्याच्या जॉइंटवरचा रबरी बूट फाटला, ग्रीस उडालं, चिखलपाणी आत शिरलं की चाकाकडचा बाहेरचा जॉइंट असाच बोलतो. एवढं मला माहीत होतं, आणि त्या तेवढ्याशा माहितीच्या जोरावरच मी बेसावध राहिलो.

साताऱ्यात हायवेलगतच्या एका गॅरेजवाल्यानं सांगितलं, "साहेब, जॉइंट गेला. अख्खा नवीन एक्सलच टाकू, फिटिंगसकट सात हजार." संध्याकाळी गाडी मिळाली, आवाज बंद. बिल म्हणजे पॅडच्या कागदावर पेनानं लिहिलेला आकडा. जुना एक्सल मागितला तर म्हणाला, "तो बदल्यात गेला, म्हणून तर तुम्हाला स्वस्तात पडला." मला पटलं. नव्याचं खोकं बघायचंही सुचलं नाही.

चार दिवसांनी पार्किंगच्या फरशीवर डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला डाग दिसला. इंजिन ऑइल म्हणावं, तर डिपस्टिकवर पातळी बरोबर. बोटावर घेऊन हुंगलं, तर उग्र, गंधकासारखा वास. गिअर ऑइल, म्हणजे गळती गिअरबॉक्सची.

परत गेलो. "नवीन काम आहे साहेब, सील बसायला वेळ लागतो." एक्सल गिअरबॉक्समध्ये शिरतो तिथं तेल अडवणारी रबरी कडी म्हणजे सील. ती काय नवी चप्पल आहे का, पायात बसायला वेळ लागायला? हे आता सुचतं. तेव्हा मान डोलावून घरी आलो. पुढच्या खेपेला त्यानं गाडी वर घेतली, तासभर खाटखूट केली आणि सील बदललं, तेल भरलं म्हणून आठशे घेतले. आठवड्यात डाग हजर. तिसऱ्या खेपेला चेहरा गंभीर. "गिअरबॉक्समध्येच प्ले आलाय, ढिला झालाय, बेअरिंग गेलं. बॉक्स खोलावा लागणार, बावीस हजार धरा. अशीच चालवलीत तर घाटात अडकाल." दर शनिवारी खंबाटकी ओलांडणारा माणूस मी. घाबरलोच.

मेहुण्यानं हट्टानं कोरेगावच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेलं. त्यांनी आधी बॉक्सच्या बाजूचा फिलर बोल्ट काढून करंगळी आत घातली. तेल त्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत यायला हवं. करंगळी कोरडी. खालून सगळं तेल काढून मोजलं, तर हवं त्याच्या निम्मंही भरलं नाही. म्हणजे तेल भरल्याचे पैसे घेतले, तेल नाही. अजून महिना-दोन महिने तसाच चालवला असता तर बेअरिंग खरंच गेलं असतं आणि गॅरेजवाला खरा ठरला असता!

मग एक्सल ओढून काढला. सीलभोवती काळ्या सिलिकॉनचा लेप. सील जुनंच, त्याचा ओठ, म्हणजे एक्सलला टेकणारी आतली कड, एका जागी फाटलेला. एक्सल आत घालताना टोकाचे दाते ओठावर घासले की हे होतं. ओठाला थोडं ग्रीस लावायचं, एक्सल हातावर तोलून सरळ आत न्यायचा, टोकाची क्लिप टक् करून बसेपर्यंत. आणि एक्सल काढलाच आहे तर सील नवीनच टाकायचं, दीडशे रुपयांची तर वस्तू. प्रकरण इथंच थांबलं असतं तर मी हलगर्जीपणा म्हणून सोडून दिलं असतं.

पण मिस्त्री म्हणाले, "इकडं या, इथं नख फिरवा." एक्सलवर सीलचा ओठ टेकतो त्या जागी माझं नख अडकलं. बारीक, गोल चर. वर्षानुवर्षं ओठ घासून पडलेला. त्यांनी पुढं चाकूनं काळा रंग खरवडला, तर खाली गंजाचे खड्डे. भंगारातला एक्सल, नवे बूट चढवून आणि रंग मारून माझ्या गाडीत घातलेला. अशा चरावर नवं सील टाकलं तरी तेल वाट काढतंच. तुमचा एक्सल बदलत असतील तेव्हा नवा बसवायच्या आधी त्यावर असंच नख फिरवा, नंतर ती जागा बॉक्सच्या आत जाते. आणि काढलेला जुना एक्सल डिकीत टाकून घरी आणा, मग तो भंगारात विकलात तरी चालेल.

मिस्त्रींकडे पार्ट नंबरचं लेबल असलेल्या खोक्यातून नवा एक्सल माझ्यासमोर निघाला. सील, तेल, मजुरी धरून साडेआठ हजार. बॉक्स उघडावाच लागला नाही. पाच महिने झाले, फरशी कोरडी आहे.

ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, फोन केला. बिल आहे का, विचारलं. पॅडच्या त्या कागदावर ना गॅरेजचं नाव, ना जीएसटी क्रमांक, ना 'नवीन' हा शब्द. शेवटी काढलेला एक्सल पोत्यात घालून गॅरेजवर गेलो आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्याच्या टेबलावर ठेवला. आधी "आमचा नाहीच" म्हणाला, मग आवाज वाढल्यावर दोन हजार हातावर ठेवले. आम्ही बोलत होतो तेव्हा त्याचा पोरगा मागच्या पत्र्याखाली तारेला टांगलेल्या तीन एक्सलना काळा रंग मारत होता.