‘कॅन्सरला उपाशी मारा’वाला डाएट प्लॅन: ४५०० रुपये पाण्यात

मावशीला ओव्हरीचा कॅन्सर आहे, केमो चालू आहे. मावसभावाने ऑनलाइन बघून हा प्लॅन घेतला, नाव देत नाही कारण असलं विकणारे पैशाला पासरी झालेत. मिळतं काय तर एक पीडीएफ, व्हॉट्सॲप ग्रुप आणि अधूनमधून ‘कोच’चा फोन. म्हणे खास आपल्या पेशंटसाठी बनवलेला, आणि आतल्या पानावर नाव भलत्याच कुठल्यातरी काकांचं, पुढे लिहिलंय प्रोस्टेट!! भात, पोळी, डाळ, फळं सगळं बंद, सकाळच्या चहात खोबरेल तेल, पनीरवर वरून तूप. केमोने आधीच मळमळतंय, त्यात त्या चहावर तरंगणारा तेलाचा तवंग बघूनच मावशीने कप बाजूला सारला.

दावा असा की कॅन्सर फक्त साखरेवर जगतो, साखर तोडा की मेला. मी बायोकेमिस्ट्री शिकवते त्यामुळे इथे माझं डोकंच फिरलं. कॅन्सरच्या पेशी साखर जास्त खातात हे वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकातच दाखवलंय, ते खोटं नाही पण अर्धंच आहे, आणि तुम्ही कितीही साखर तोडली तरी लिव्हर रक्तात ग्लुकोज बनवून सोडतंच. शिवाय बऱ्याच कॅन्सरच्या पेशी फॅटी ॲसिडही, म्हणजे चरबीचे घटकही, जाळतात, सीपीटी१ एन्झाइममुळे ती मायटोकॉन्ड्रियात म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात शिरतात, तिथे त्यांचे दोन-दोन कार्बनचे तुकडे पडतात आणि पामिटिक ॲसिड या नेहमीच्या फॅटी ॲसिडच्या एका रेणूमागे साधारण १०६ एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) सुटतात, ग्लुकोजच्या एका रेणूमागे जेमतेम ३०-३२. ओव्हरीचा कॅन्सर तर यात पटाईत, तो आतड्यांवरच्या चरबीच्या पडद्यावर म्हणजे ओमेंटमवर जाऊन ठाण मांडतो आणि तिथल्या चरबीच्या पेशी त्याला आयतं फॅटी ॲसिड पुरवतात, हे शिकागोच्या टीमने २०११ मध्ये दाखवलंय. आणि ते प्रोस्टेटवाले काका? त्यातल्या बऱ्याच गाठी साखर फार ओढतच नाहीत, म्हणून तर ग्लुकोज कुठे ओढलं जातंय ते दाखवणाऱ्या पेट स्कॅनमध्ये नीट दिसत नाहीत.

म्हणून तेल-तूप सोडा असंही मी म्हणत नाहीये हां. बार्सिलोनाच्या टीमने २०१७ मध्ये जास्त फॅट खाल्लेल्या उंदरांत कॅन्सर जास्त पसरलेला दाखवला, पण उंदराचं माणसाला जसंच्या तसं लागू होत नाही. आत्ता मावशीचं वजन टिकणं महत्त्वाचं, हॉस्पिटलच्या डाएटिशियनने मऊ भात, डाळ, अंडी चालू केलीत, तेही फुकटात.

रिफंड नाही. कोचला विचारलं, वजन उतरलं तर प्लॅन बदलता का, डॉक्टरांशी बोलता का. अंगठ्याचा इमोजी आला.