साठवलेल्या व्हिडिओची लांबी: मीडियामेटाडेटारिट्रीव्हर काही महिने वापरल्यानंतर

लातूर-हिंगोलीकडचे शेतकरी सोयाबीनवरच्या किडीचा व्हिडिओ पाठवतात, त्यासाठीचं अँड्रॉइड ॲप. मर्यादा दोन मिनिटांची, कारण गावात रेंज कधी असते, कधी नसते. म्हणून अपलोड सुरू होण्याआधीच लांबी कळायला हवी.

मीडियामेटाडेटारिट्रीव्हर हा मीडिया फाइलची माहिती वाचणारा अँड्रॉइडचा क्लास. एका फाइलसाठी तो चोख आहे. सेटडेटासोर्सला कॉन्टेक्स्ट आणि यूआरआय (व्हिडिओची ओळख सांगणारा दुवा) द्यायचा, एक्स्ट्रॅक्टमेटाडेटाकडून ड्युरेशनची की मागायची. उत्तर मिलिसेकंदांत येतं, पण स्ट्रिंग म्हणून, आणि ते नल, म्हणजे रिकामंही असू शकतं. यूआरआयमधून गेटपाथ काढून तो द्यायच्या फंदात पडू नका. गॅलरीतून आलेला कंटेंट यूआरआय म्हणजे फाइलचा पत्ता नव्हे.

खरी डोकेदुखी अर्धवट फाइलींची. रेकॉर्डिंग चालू असताना बॅटरी संपली की एमपी४ चा मूव्ह भाग लिहिलाच जात नाही, कारण तो साधारणपणे शेवटी लिहिला जातो. लांबीचा हिशेब त्यातच असतो. अशा फाइलवर सेटडेटासोर्सच एक्सेप्शन फेकतो. ते पकडा आणि ‘व्हिडिओ अपूर्ण आहे’ असं सरळ सांगा. लांबी शून्य धरली तर अशी फाइल मर्यादेतून आरामात पास होते!

काम संपलं की रिट्रीव्हर सोडून देणारं रिलीज हवंच. कोटलिनचं यूज, म्हणजे काम झालं की आपोआप बंद करणारं फंक्शन, या क्लासवर अँड्रॉइड १० पासून चालतं. त्याखालच्या फोनवर क्रॅश, आणि खेड्यात जुने फोन भरपूर. तिथे फायनलीमध्ये रिलीज लिहा.

अनेक व्हिडिओंची यादी दाखवायला मात्र हा क्लास नको. प्रत्येक फाइल उघडावी लागते, स्क्रोल अडखळतं. मीडियास्टोअर, म्हणजे फोनमधल्या मीडिया फाइलींची नोंदवही, तिच्या ड्युरेशन कॉलममध्ये आकडा आधीच असतो, तो घ्या. तो रिकामा किंवा शून्य असेल तरच रिट्रीव्हर, तोही स्क्रीन सांभाळणाऱ्या मेन थ्रेडवर नाही.

मर्यादा १,२०,००० मिलिसेकंदांवर काटेकोर ठेवली की दोन मिनिटांवर थांबवलेलं रेकॉर्डिंगही कधीकधी नाकारलं जातं. एक सेकंद सूट द्या.

आणि हे कुणी सांगत नाही: फोनची भाषा मराठी असेल तर स्ट्रिंग फॉरमॅट ‘०१:४५’ असे देवनागरी अंक देतं. स्क्रीनवर छानच दिसतं, पण तेच सर्व्हरला किंवा फाइलच्या नावात गेलं की घोळ. तिकडे लोकेल यूएस द्या, किंवा सरळ मिलिसेकंदांचा पूर्णांकच पाठवा.