मानेसाठी उशी: मऊ-कडक नंतर, आधी दबल्यावरची उंची मोजा

सकाळी मान आखडलेली, खांदा भरून आलेला, की पहिला संशय उशीवर जातो आणि तो बऱ्याचदा बरोबरही असतो. मग दुकानात जाऊन अंगठ्याने उशी दाबून बघितली जाते, तिच्यावर ‘सर्व्हायकल’ किंवा ‘ऑर्थोपेडिक’ असं छापलेलं वाचलं जातं आणि ती घरी येते. या शब्दांमागे उंचीचं किंवा कडकपणाचं कोणतंही एक ठरलेलं माप नसतं. मानेला कळते ती एकच गोष्ट: डोकं टेकल्यावर उशी किती उंच उरते आणि पहाटेपर्यंत तेवढीच राहते का. वेष्टनावरचा 12 सें.मी.चा आकडा रिकाम्या उशीचा असतो. डोक्याचं वजन साधारण साडेचार ते साडेपाच किलो. त्याखाली तीच उशी 9 सें.मी.वर येईल की 4 वर, हे ती कशाने भरली आहे यावर ठरतं. म्हणून इथे सगळ्या प्रकारांना हाच एक निकष लावला आहे.

आधी आपली गरज मोजायची. कुशीवर झोपत असाल तर भिंतीला खांदा टेकवून ताठ उभे राहा, नजर समोर ठेवा आणि भिंतीपासून कानाच्या वरच्या भागापर्यंतचं अंतर दुसऱ्या कुणाला तरी मोजायला सांगा. बहुतेक मोठ्या माणसांत ते 12 ते 16 सें.मी. भरतं. त्यातून खांदा गादीत जेवढा रुततो तेवढं वजा करा: कडक गादीसाठी 2, मऊ फोमच्या गादीसाठी 4 ते 5. उरलेला आकडा म्हणजे तुमची दबल्यावरची उंची. मऊ गादीवर उंच उशी घेणारे लोक इथेच फसतात. खांदा खाली जातो, डोकं वर राहतं आणि रात्रभर मान वरच्या कुशीकडे वाकलेली असते. गादी बदलल्यावर जुनी चांगली उशी अचानक ‘बिघडते’ तीही यामुळेच.

उताणं झोपणाऱ्यांना कमी उंची लागते, दबून साधारण 5 ते 8 सें.मी. पाठीला वरच्या बाजूला बाक असेल तर जास्त. खूण सोपी आहे: कपाळ आणि हनुवटी एका पातळीत हवीत. हनुवटी छातीकडे आली तर उशी उंच, छताकडे गेली तर बुटकी. पालथं झोपणाऱ्यांना आम्ही कोणतीच उशी मनापासून सुचवू शकत नाही, कारण श्वासासाठी मान तासन्‌तास एका बाजूला पिळलेली राहते. सवय सुटेपर्यंत अगदी चपटी उशी डोक्याखाली ठेवा आणि दुसरी पोटाखाली.

पैसे घालण्याआधी टॉवेलचा प्रयोग नक्की करा. मोठे टॉवेल सारखे घडी घालून एकावर एक रचा, मोजलेल्या उंचीपासून सुरुवात करा आणि रोज एक घडी कमी-जास्त करत तीन-चार रात्री झोपा. सकाळी मान सगळ्यात मोकळी वाटते ती उंची पट्टीने मोजून लिहून ठेवा. कुशीवर झोपलेलं असताना कुणाला तरी मागून फोटो काढायला सांगा: कवटीचा मध्य, मानेच्या तळाशी हाताला लागणारं ठळक हाड आणि पाठीचा कणा एका सरळ रेषेत दिसायला हवेत.

आता उश्या.

कापसाची उशी हवा खेळती ठेवते आणि घाम शोषते, पण मधोमध खड्डा पडतो. डोकं खड्ड्यात बसतं, मानेखाली मात्र पोकळी किंवा गठ्ठा राहतो. उन्हात टाकून, झटकून ती परत फुगते खरी, पण काही आठवड्यांत पुन्हा बसते. उताणं झोपणाऱ्याला पातळ, नीट पिंजलेली कापसाची उशी चालते. कुशीवर झोपणाऱ्या रुंद खांद्याच्या माणसाला ती पुरत नाही. सावरीच्या कापसाची उशी याहून मऊ, म्हणून आधाराच्या बाबतीत याहून कमजोर.

पॉलिएस्टर फायबरची उशी दुकानात सगळ्यात फुगीर दिसते आणि डोक्याखाली सगळ्यात जास्त बसते. धुता येते, हलकी असते, आणि तिची जमेची बाजू तिथेच संपते. दुमडून सोडल्यावर ती उलगडत नसेल किंवा आत गोळे लागत असतील, तर ती बदला. बसलेल्या दोन उश्या एकमेकींवर ठेवणं हा उपाय नाही. झोपेत वरची सरकते आणि मान कडेवर लटकते.

मेमरी फोमबद्दल जरा सविस्तर. हा फोम 1960च्या दशकात ‘नासा’साठी विमानांच्या आसनांकरता तयार झाला. ऊब आणि दाब मिळाला की तो हळूहळू खचतो. म्हणून दुकानात दोन मिनिटं डोकं टेकून घेतलेला अंदाज चुकतो. ती उशी पंधरा मिनिटांनी आणखी खाली गेलेली असते. थंड खोलीत तोच फोम घट्ट होतो, उकाड्यात जास्त ढिला पडतो. घरी तपासायचं असेल तर उशीवर हातभर लांबीचं पुस्तक नको, साधारण 15 सें.मी. चौरस पाटी ठेवा, तिच्यावर पाण्याने भरलेला पाच लिटरचा कॅन ठेवा आणि पहिल्या व पंधराव्या मिनिटाला पाटीखालची उंची मोजा. कॅनला अंगाची ऊब नसते, त्यामुळे प्रत्यक्षात उशी याहून थोडी अधिकच दबेल. या दोन आकड्यांत दोनेक सें.मी.हून जास्त फरक पडला, तर त्या उशीवर आमचा भरवसा बसणार नाही.

फोमचा दर्जा वजनावरूनही कळतो. 60 बाय 40 सें.मी. आणि सरासरी 10 सें.मी. जाड उशी म्हणजे 24 लिटर आकारमान. घनमीटरला 50 किलो घनतेचा फोम असेल तर तिचं वजन 1.2 किलो भरायला हवं. काट्यावर 700 ग्रॅम दिसले तर घनता 30च्याही खाली आहे, आणि असा फोम लवकर बसतो. नव्या फोमचा वास काही दिवस हवेशीर जागी ठेवल्यावर जातो. फोम धुवायचा नाही, उन्हात वाळत टाकायचा नाही. फक्त अभ्रा धुवायचा.

लाटेसारखी दोन उंचवट्यांची उशी बहुतेक याच फोमची असते. उंचवटा मानेखाली आणि मधला खोलगट भाग डोक्याखाली येतो. दोन उंचवटे वेगवेगळ्या उंचीचे असतात ते निवडीसाठी, त्यामुळे आधी बुटकी बाजू वापरून पाहा. उंचवट्याने मानेची पोकळी भरावी, मान वर ढकलू नये. खांदा उशीवर चढला की सगळा हिशोब बिघडतो, म्हणून उशीची कड खांद्याला फक्त टेकलेली हवी. रात्रभर कूस बदलणाऱ्यांना ही उशी अनेकदा अडचणीची होते, कारण डोकं दरवेळी नेमक्या जागी पडत नाही.

लेटेक्स, म्हणजे रबराच्या फोमची उशी, आमच्या मते कुशीवर झोपणाऱ्यांसाठी सगळ्यात विश्वासू. लगेच उसळतं, थंडी-उकाड्याने फारसं बदलत नाही आणि उंची वर्षानुवर्षं टिकवतं. तक्रारी दोन: उशी जड असते, आणि ज्यांना ती उसळी आवडत नाही त्यांना डोकं वर ढकलल्यासारखं वाटतं. लेटेक्सची ॲलर्जी असेल तर हा प्रकार सोडाच. थेट ऊन लागलं की लेटेक्स कडक होऊन त्याचा भुगा पडतो.

उंचीबद्दल खात्री नसेल तर चेन असलेली, तुकडे-फोमची उशी घ्या. भरपूर भरलेली आणा, रोज मूठभर तुकडे काढून पिशवीत जपून ठेवा आणि एका उंचीवर किमान तीन रात्री थांबा. तुकडे कडेला पळतात, त्यामुळे झोपण्याआधी उशी दोन्ही बाजूंनी थापटून मध्ये आणावी लागते. हा कंटाळा ज्यांना चालतो त्यांच्यासाठी हीच सगळ्यात शहाणी खरेदी.

खांदा दुखत असेल तर एकटी उशी पुरत नाही. दुखऱ्या कुशीवर झोपू नका, आणि वरचा हात पुढे लोंबकळू नये म्हणून छातीशी दुसरी उशी कवटाळा. तो हात रात्रभर खांदा पुढे ओढत असतो आणि दोष मात्र डोक्याखालच्या उशीला मिळतो.

नव्या उशीला एक ते दोन आठवडे द्या. सुरुवातीला थोडं अवघडल्यासारखं वाटेल. दुखणं रोज वाढत असेल तर मात्र थांबू नका, उंची बदला. परत करण्याची मुदत किती दिवसांची आहे आणि अभ्रा काढलेली उशी परत घेतात का, हे आधीच विचारून घ्या. हाताला मुंग्या येत असतील, पकड ढिली पडली असेल, पडल्यावर किंवा मार लागल्यावर मान दुखू लागली असेल, दुखण्याबरोबर ताप असेल, तर उशीचा शोध बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा.