जिओटेक्सटाइलची ‘विदर्भाची डीलरशिप’: माझे साडेसहा लाख असे नेले

नागपूर, वर्धा, भंडारा, यवतमाळकडे सिमेंट-लोखंड-पाइप विकणाऱ्या दुकानदारांकडे सध्या एक माणूस फिरतोय. कधी फोन करतो, कधी गाडी घेऊन थेट दुकानात येतो. तो जिओटेक्सटाइलची डीलरशिप देतो. चार-सहा दिवसांत दुसराच एक माणूस फोन करतो आणि नेमका तोच माल मागतो. हे दोघे एकमेकांचे आहेत. माझे साडेसहा लाख रुपये त्यांनी नेले. पोलिसांत तक्रार दिली आहे, तपास चालू आहे. तोवर दुसऱ्या कोणाचे पैसे जाऊ नयेत म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

आधी मालाबद्दल, कारण अनेकांना तो माहीत नाही. रस्त्याखाली, भिंतीमागे, नाल्याच्या दगडी पिचिंगखाली अंथरायचं प्लास्टिकच्या तंतूंचं कापड म्हणजे जिओटेक्सटाइल. आपल्या काळ्या मातीत त्याचं काम खरोखर आहे. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर नुसती गिट्टी टाकली की ओली माती गिट्टीत वर चढते, गिट्टी खाली उतरते आणि रस्ता बसतो. मध्ये हे कापड असलं की पाणी निघून जातं, माती जागेवर राहते. म्हणजे माल खरा आहे, उपयोगही खरा आहे. टोळीचा सगळा डाव त्या खरेपणावरच उभा आहे.

तो माणूस होळीच्या आधी माझ्या दुकानात आला. हातात एक जाडजूड रंगीत रिपोर्ट होता. बांधकामात जमिनीसाठी वापरायच्या कृत्रिम साहित्याची जगभरची बाजारपेठ, अब्जावधी डॉलर, दरवर्षीच्या वाढीची टक्केवारी, 2030 पर्यंत चढत जाणारे रंगीत खांब. त्यात मधेमधे पेरलेल्या गोष्टी तपासल्या तर खऱ्याच निघतात. केंद्र सरकारने फेब्रुवारी 2020 मध्ये 1480 कोटींचं राष्ट्रीय तांत्रिक वस्त्र मिशन मंजूर केलं, हे खरं. एप्रिल 2023 मध्ये वस्त्रोद्योग मंत्रालयाने 19 प्रकारच्या जिओटेक्सटाइल्ससाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला, हेही खरं. 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग नागपूरजवळच्या आपल्या शिवमडक्यापासून सुरू होतो, हे तर इथे कोणालाही सांगावं लागत नाही.

“भाऊ, सारं जग हेच घेऊन राहिलं. नागपुरात अजून कोणी नाही. तुम्ही नाही म्हटलं तर अमरावतीवाला उचलून घेईल,” असं त्याचं म्हणणं होतं. मी सांगितलं, माझ्या काउंटरवर हा माल मागायला कोणी येत नाही. त्याने वाद घातला नाही. कार्ड ठेवून गेला.

त्याच आठवड्यात फोन आला. हायवेचं काम करणाऱ्या एका मोठ्या कंपनीचा पर्चेस ऑफिसर बोलतोय, असं समोरच्याने सांगितलं. दोनशे जीएसएमचं (चौरस मीटरला दोनशे ग्रॅम वजनाचं) नॉन-वोव्हन, म्हणजे न विणलेलं, पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचं, दहा हजार चौरस मीटर तातडीने हवं. पावसाळ्याच्या आत जीएसबी, म्हणजे रस्त्याखालचा खडीचा थर, उरकायचं आहे. रेट चांगला देऊ. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या लेटरहेडवर पर्चेस ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर आली. त्यावर खराखुरा जीएसटी नंबर होता आणि तो पोर्टलवर टाकला की त्या कंपनीचंच नाव दिसत होतं. नंबर खरा होता, ऑर्डर देणारा माणूस खोटा. मोठ्या कंपनीचा जीएसटी नंबर कोणालाही मिळतो, तो प्रत्येक बिलावर छापलेला असतो. हे प्रत्येकाने नीट लक्षात ठेवावं.

मग डीलरशिपवाल्याशी व्यवहार ठरला. अडीच लाख ‘परत मिळणारी’ डिपॉझिट, पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर करारनामा, आणि चार लाख मालाचे आगाऊ. कच्चं तेल वाढलंय, एक तारखेपासून पॉलिमरचा दर बदलतोय, म्हणून आजच बुक करा, असा त्याचा लकडा होता. पॉलिमरचा भाव तेलाच्या भावामागे जातो, हे धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. म्हणून तेही पटलं. सोबत एका नावाजलेल्या प्रयोगशाळेचं टेस्ट सर्टिफिकेट पीडीएफमध्ये आलं. वजन, ताणशक्ती, पंक्चर, छिद्रांचा आकार, सगळे आकडे जागच्या जागी.

माल आला. वीस रोल, प्रत्येक पाच मीटर रुंद आणि शंभर मीटर लांब. पॅकिंग उत्तम, लेबल उत्तम. चोरी पकडली ती ट्रान्सपोर्टच्या बिल्टीने, म्हणजे माल पाठवल्याच्या पावतीने. पाच गुणिले शंभर म्हणजे एका रोलमध्ये पाचशे चौरस मीटर. दोनशे जीएसएम धरले तर एक रोल शंभर किलोचा व्हायला हवा आणि वीस रोल दोन टनांचे. बिल्टीवर वजन होतं चौदाशे वीस किलो. ट्रान्सपोर्टवाला भाडं वजनावर घेतो, त्याला खोटं लिहिण्याचं कारण नव्हतं. सर्टिफिकेट खोटं करणाऱ्यांनी बिल्टीकडे लक्षच दिलं नव्हतं.

माझा भाचा एका रस्त्याच्या पॅकेजवर साइट इंजिनिअर आहे. त्याला बिल्टीचा फोटो पाठवला. तो संध्याकाळी आला आणि म्हणाला, “मामा, कुठल्याच रोलला हात लावू नका. एक उघडा, बाकीचे तसेच ठेवा.” उघडलेल्या रोलच्या रुंदीतून त्याने दहा सेंटिमीटर बाय दहा सेंटिमीटरचे तुकडे कापले, कडेचे, मधले, पलीकडच्या कडेचे. असा तुकडा दोनशे जीएसएमच्या कापडाचा असेल तर बरोबर दोन ग्रॅम भरतो. ग्रॅमचा काटा कुठे मिळणार, तर इतवारीत सराफाकडे. ओळखीच्या सराफाने एकेक तुकडा तोलून दिला. एकही तुकडा दीड ग्रॅमच्या वर गेला नाही आणि कडेचे तर त्याहून हलके होते.

मग भाच्याने एक तुकडा साबणाच्या पाण्यात दाबून दाबून आतली हवा काढली आणि सोडून दिला. पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं असतं, ते वर येतं. पॉलिएस्टर जड, ते तळाला जातं. आमचा तुकडा तळाला गेला. पॉलिएस्टरचं जिओटेक्सटाइल असूच नये असं नाही, कामाप्रमाणे तेही चालतं. पण चुना किंवा सिमेंट मिसळून जमीन मजबूत केली असेल तर तिथल्या अल्कलीने पॉलिएस्टर कमजोर होत जातं, आणि काळ्या मातीत चुना मिसळणं आपल्याकडे नवीन नाही. बिलावर पॉलिप्रॉपिलीन लिहून पॉलिएस्टर देणं ही सरळ चोरी आहे.

पुढचं मन घट्ट करून केलं. सर्टिफिकेटवर ज्या प्रयोगशाळेचं नाव होतं तिला त्याची प्रत ईमेलने पाठवली. उत्तर आलं की या क्रमांकाचा रिपोर्ट दुसऱ्याच ग्राहकाच्या दुसऱ्याच नमुन्याचा आहे. कोणाचा तरी खरा रिपोर्ट घेऊन त्यावरची नावं आणि आकडे बदलले होते. ‘पर्चेस ऑफिसर’च्या कंपनीच्या मुख्य कार्यालयात, त्यांच्या वेबसाइटवरच्या लँडलाइनवर फोन केला. त्या नावाचा माणूस तिथे नाही आणि अशी ऑर्डरही निघालेली नाही. त्याच संध्याकाळी दोन्ही मोबाइल एकदमच बंद झाले, तेव्हा ते दोघे एकाच टोळीतले आहेत यात शंका उरली नाही. पुरवठादाराचा जीएसटी नंबर पोर्टलवर नीट वाचला तर नोंदणी काही महिन्यांपूर्वीची, व्यवसाय ट्रेडिंगचा, पत्ता एका निवासी संकुलातला. पत्रकात मात्र त्यांची मोठी फॅक्टरी होती.

आता त्या रिपोर्टबद्दल, कारण माझ्या मते फसवणुकीचं खरं हत्यार तो रिपोर्टच आहे. जगाची मागणी म्हणून जो आकडा दाखवतात त्यात जिओटेक्सटाइल, जिओग्रिड (जाळी), जिओमेम्ब्रेन (पाणी अडवणारी प्लास्टिकची शीट), जिओसेल (पोळ्यासारखे कप्पे) असे एकमेकांच्या जागी न चालणारे माल एकत्र मोजलेले असतात. आणि ही मागणी दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांमुळे होत नाही, ती नियम आणि डिझाइनमुळे होते. अमेरिकेत 1991 च्या नियमांनी कचऱ्याच्या भरावाखाली मातीच्या थरावर जिओमेम्ब्रेन टाकणं आलं आणि तिथे तो माल खपू लागला. आपल्याकडे 2000 सालच्या घनकचरा नियमांत 90 सेंटिमीटर चिकणमातीवर दीड मिलिमीटर जाडीचं एचडीपीई या प्लास्टिकचं जिओमेम्ब्रेन सांगितलं, म्हणून इथेही त्याची निविदा निघू लागली. त्या अब्जावधी डॉलरमधला एक रुपयाही नागपूरजवळच्या वाडीतल्या दुकानात नॉन-वोव्हन कापडाचा रोल विकून देत नाही.

नागपुरात हा माल कसा विकला जातो, हे भाच्याने सांगितलं आणि नंतर मी दोन-तीन कंत्राटदारांना विचारून खात्री केली. कामाच्या बीओक्यूमध्ये, म्हणजे निविदेतल्या कामांच्या आणि मालाच्या यादीत, जिओटेक्सटाइलची ओळ असेल तरच तो घेतला जातो. रस्त्यांसाठी केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या स्पेसिफिकेशनचं कलम 700 आहे, इंडियन रोड्स काँग्रेसचं आयआरसी:एसपी:59 आहे, सबग्रेडवर, म्हणजे रस्त्याखालच्या मूळ मातीवर, थर वेगळे ठेवायच्या कापडासाठी आयएस 16391 हे भारतीय मानक आहे. कंत्राटदार कंपनीचं नाव आणि टेस्ट रिपोर्ट इंजिनिअरकडे मंजुरीला देतो, मंजुरी आली की माल थेट कारखान्यातून मागवतो आणि साइटवर आल्यावर पुन्हा नमुने तपासायला पाठवतो. अनोळखी दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर दहा हजार चौरस मीटरची ऑर्डर देऊन कोणतीही हायवे कंपनी माल घेत नाही. म्हणून डीलरशिप द्यायला कोणी आला तर त्याला एवढंच विचारा: कोणत्या कामाच्या, कोणत्या बीओक्यूमध्ये हा माल आहे, आणि त्या कामावर तुमच्या कंपनीला मंजुरी आहे का? मंजुरीचं पत्र दाखवा म्हणा, आणि ते पत्र देणाऱ्या कार्यालयात स्वतः जाऊन विचारा.

आयएसआय मार्क असेल तर त्याखाली सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स नंबर असतो. भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या अ‍ॅपवर तो टाकला की कंपनी आणि माल दोन्ही दिसतात. एनएबीएल ही प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था आहे; तिची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर यूएलआर नावाचा त्या रिपोर्टचा स्वतंत्र नंबर असतो. पीडीएफवर विसंबू नका, तो नंबर घेऊन प्रयोगशाळेलाच विचारा. स्वतः माल तपासायचा असेल तर मुंबईत घाटकोपरला बीटीआरए ही वस्त्र संशोधन संस्था जिओटेक्सटाइलच्या चाचण्या करते. आणि आगाऊ पैसे द्यायचेच असतील तर माल धर्मकाट्यावर तोलल्यावर उरलेली रक्कम, अशी अट बिलावर लिहून घ्या. खरा कारखानदार वजनाला घाबरत नाही.

तक्रारीचं थोडक्यात सांगतो. पैसे गेल्याचं कळताच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पसरतात. माझ्या रकमेपैकी थोडी एका खात्यात गोठवली गेली आहे, बाकीची निघून गेली होती. भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचं आहे. खोट्या सर्टिफिकेटबद्दल प्रयोगशाळेचं उत्तर मी तक्रारीला जोडलं, त्याने बळ आलं. ग्राहक आयोगात जाण्याचा सल्ला अनेकांनी दिला. पण पुन्हा विकण्यासाठी घेतलेला माल ग्राहक कायद्यात बसत नाही, वकिलाने हे पहिल्याच भेटीत सांगितलं.

एका गोष्टीने मला पैशांपेक्षा जास्त त्रास झाला. उमरेड रोडकडच्या एका लेआउटवाल्याने निरोप पाठवला की ते रोल अर्ध्या भावात दे, रस्त्याखाली टाकून देतो, कोण खोदून पाहणार आहे? मी नाही म्हटलं. त्या लेआउटमध्ये माणसं आयुष्यभराची पुंजी घालून प्लॉट घेतात. दोन पावसाळ्यांनी त्यांच्या दारातला रस्ता बसला तर ते दाद कोणाकडे मागणार? रोल गोदामात पोलिसांच्या पंचनाम्याखाली आहेत आणि तिथेच राहतील.

ज्यांच्याकडे असे रोल आले असतील त्यांनी ते उन्हात ठेवू नयेत. पॉलिप्रॉपिलीन असो की आणखी काही, आपल्या मे महिन्याच्या उन्हात उघडं कापड खराब होतं आणि मग दोष मूळचा की उन्हाचा, असा वाद उभा राहतो. बाहेरचं प्लास्टिक आणि लेबल फाडू नका. बिल्टी, ई-वे बिल, दोन्ही मोबाइल नंबरांचे मेसेज आणि बँकेची पावती एकत्र ठेवा, आणि आपापल्या ठाण्यात तक्रार देताना ‘डीलरशिप देणारा एक आणि माल मागणारा दुसरा’ अशी पद्धत होती हे स्पष्ट लिहा. वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या तक्रारींत ही पद्धत आणि तेच खाते नंबर दिसले, तर तपास करणाऱ्यांना त्या एकत्र जोडता येतील.