मुक्कामी गाडीतलं वाचन आणि फोनवरची ॲपं

मी एसटीत कंडक्टर. देवरुख डेपो, एकवीस वर्षं झाली. महिन्यातले दहा-बारा दिवस मुक्कामी गाडीची ड्युटी लागते. रात्री साडेआठला गाडी शेवटच्या गावात लावायची आणि पहाटे पावणेसहाला तीच परत काढायची. मधल्या वेळात हिशेब, जेवण, झोप. मला झोप उशिरा लागते, म्हणून वाचतो. पूर्वी पिशवीत वाचनालयाचं पुस्तक असायचं, पण गाडीतला दिवा जास्त वेळ जाळता येत नाही. बॅटरी उतरली तर पहाटे धक्का मारायला अर्धं गाव उठवावं लागतं. ड्रायव्हरसाहेब पाच मिनिटांत ओरडायचेच, "मास्तर, मालवा की आता." त्यावर उपाय म्हणून फोनवर वाचायला लागलो, त्याला आता चार वर्षं होतील. या काळात सात-आठ ॲपं घातली नि काढली. त्यातली कुठली राहिली आणि का, ते लिहितो.

आधी ठेच लागली ती सांगतो. सुरुवातीला एका ॲपवरून चार मराठी पुस्तकं विकत घेतली. नाव घेत नाही, पैसे माझे होते आणि अक्कलही माझीच कमी पडली. डेपोत बसून उतरवून घेतली, दोन पानं वाचून बघितली, सगळं ठीक. रात्री मुक्कामाच्या गावी मागच्या आडव्या सीटवर पडलो, कॅशची बॅग उशाला घेतली, पुस्तक उघडलं, तर ॲप म्हणतं लॉगिन करा. कुठून करू? त्या गावात रेंजसाठी देवळामागच्या टेकाडावर जावं लागतं, आणि दिवस श्रावणातले. माझंच पुस्तक माझ्याच फोनमध्ये, आणि मी बाहेर! त्या रात्री ठरवलं की जे ॲप फोन विमान मोडवर टाकल्यावर पुस्तक उघडत नाही ते आपल्या कामाचं नाही. आजही नवं ॲप घेतलं की पहिली परीक्षा हीच. विमान मोड लावायचा, ॲप पूर्ण बंद करायचं, पुन्हा उघडायचं.

दुसरी परीक्षा मराठीची. मी एक साधी टेक्स्ट फाइल करून ठेवली आहे, तिच्यात एकच वाक्य: "शाळेतल्या शिक्षिकेने दऱ्याखोऱ्यांतल्या विद्यार्थ्यांना क्लृप्ती शिकवली." हे वाक्य ज्या ॲपमध्ये न फुटता दिसतं ते पुढच्या इयत्तेत. दऱ्यामधला र बघायचा. तो नीट आला नाही तर दऱ्यांचा दर्या होतो, आणि आम्हा कोकणातल्या माणसाला या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या लागतात. क्लृप्ती तर भल्याभल्यांना जमत नाही, कुठे ल चा पाय मोडका लटकतो, कुठे मधेच चौकोन येतो.

या दोन्ही परीक्षांत पहिलं आलं रीडएरा. फुकट आहे, जाहिरात नाही, खातं उघडा म्हणत नाही. फोनमध्ये आणि मेमरी कार्डात जिथे कुठे पुस्तकं पडली असतील तिथून आपलं आपण हुडकून काढतं. ईपब, पीडीएफ, मोबी, डीजेव्हीयू असे पुस्तकांच्या फायलींचे प्रकार, वर्डच्या फायली, काहीही द्या. पुस्तकाची आणखी एक प्रत स्वतःच्या पोटात करून ठेवत नाही, त्यामुळे माझ्या ३२ जीबीच्या फोनला ते झेपतं. मुलीने एकदा फोटोंसाठी माझं कार्ड काढून आठवडाभर वापरलं. परत घातलं तेव्हा पुस्तक जिथे सोडलं होतं त्याच पानावर उघडलं. आवाजाच्या बटणांनी पान उलटायची सोय सेटिंगमध्ये आहे, ती मात्र आठवणीने चालू करा. आडवं पडून एका हातात फोन धरला की अंगठा पडद्यावर नेताना फोन नाकावर पडतो, हे ज्याने भोगलंय त्याला कळेल.

त्यात रंगाचे चार प्रकार आहेत. मी काळ्यावर पांढरी अक्षरं ठेवतो. काळ्या पडद्याने बॅटरी वाचते असं सगळे म्हणतात, पण ते ओएलईडी पडद्यालाच खरं, त्यात काळा ठिपका विझलेलाच असतो. माझ्या एलसीडी फोनला मागून दिवा जळतच असतो, तिथे काळं काय नि पांढरं काय. मी ते बॅटरीसाठी करत नाही, पाखरांसाठी करतो. पावसाळ्यात पांढरा पडदा लावून खिडकीशी वाचून बघा, दोन मिनिटांत पानावर अक्षरं कमी आणि पंख जास्त.

आता फाँटचं. हे वाचून काही जण हसतील, पण मला देठाचा श आणि पाकळीचा ल हवा. शाळेत तसाच गिरवला, आणि शासनाच्या २०२२ च्या निर्णयातही मराठीसाठी तोच धरला आहे. फोनमधला नेहमीचा देवनागरी फाँट मात्र बहुतेक वेळा हिंदी वळणाचा श-ल दाखवतो. पुस्तक करणाऱ्याने फाइलमध्ये 'भाषा मराठी' अशी खूण घातली असेल तर काही फाँट आपणहून मराठी वळण घेतात, पण ती खूण घालतो कोण! यावर उपाय सापडला तो तिरो देवनागरी मराठी नावाचा फाँट. गूगल फाँट्सवर फुकट मिळतो, आणि त्यात मुळातच मराठी वळण आहे. छापील पुस्तकासारखा दिसतो, जाड-बारीक रेघांचा. चष्मा लागल्यापासून मी कधी कधी 'एक टाइप' नावाच्या फाँट करणाऱ्यांचा मुक्ता लावतो, तो सुटसुटीत आहे आणि डोळ्याला ताण कमी. रीडएरात आपला फाँट घालायला प्रीमियम घ्यावं लागतं. एकदाच पैसे द्यायचे असतात, मी दिले. लिब्रेरा आणि मून प्लस रीडर या वाचायच्या दुसऱ्या ॲपांतही आपला फाँट घालता येतो.

मून प्लस ज्याला खेळायची हौस आहे त्याच्यासाठी. पडद्याच्या डाव्या कडेवरून बोट फिरवलं की उजेड कमी-जास्त होतो, मजकूर आपोआप वर सरकत राहील अशीही सोय आहे. सेटिंगं इतकी की मी पहिल्या रात्री पुस्तकाचं एक पान वाचलं आणि तासभर समास लावत बसलो. ते ॲप वाईट नाही, मीच त्यातला नव्हे.

मराठी वाचणाऱ्याचं खरं दुखणं वेगळंच आहे. आपल्याकडे फुकट आणि रीतसर मिळणारं पुष्कळसं वाचन पीडीएफमध्ये आहे. ई साहित्य प्रतिष्ठानची पुस्तकं घ्या, साहित्य संस्कृती मंडळाची घ्या, इंटरनेट अर्काइव्हवरची जुनी स्कॅन केलेली घ्या. पीडीएफ म्हणजे छापलेलं पान जसंच्या तसं, आणि ते साडेसहा इंची पडद्यावर बसवायचं म्हणजे धोतर खिशात कोंबण्याचा प्रकार. अक्षर मोठं करावं तर ओळ बाहेर जाते. मग प्रत्येक ओळीला उजवीकडे ढकला, डावीकडे ओढा. ईपबचं तसं नाही. ते आतून वेबपानासारखं असतं, अक्षर वाढवलं की ओळी आपोआप मोडून खाली येतात.

म्हणून ईपब मिळत असेल तर तेच घ्या. मराठी विकिस्रोतावर लेखकाच्या निधनाला साठ वर्षं उलटून हक्क संपलेली पुस्तकं टाइप करून ठेवली आहेत, तिथे डाउनलोड दाबलं की ईपब मिळतं. ही सोय मला दोन वर्षं माहीतच नव्हती, पीडीएफ उतरवत बसलो होतो.

पीडीएफच असेल तर मी लिब्रेरा उघडतो. प्ले स्टोअरवरच्या फुकट प्रतीत जाहिराती असतात, एफ-ड्रॉइड नावाच्या दुसऱ्या ॲप-दुकानावरून घेतलं तर नसतात. हे ॲप भोवतीचा पांढरा समास आपोआप कापतं. जुन्या पुस्तकाच्या स्कॅनला चारी बाजूंनी बोटभर समास असतो, तो गेला की अक्षर लगेच वाचण्याइतकं होतं. काही स्कॅनमध्ये उघडलेलं पुस्तक तसंच ठेवून फोटो काढलेला असतो, एका पानात दोन पानं. लिब्रेरा ती मधून चिरून एकेक दाखवतं. समास कापणं आणि पान चिरणं रीडएरालाही येतं, पण ८० एमबीचं एक पिवळं पडलेलं, तिरकं स्कॅन माझ्याकडे आहे, ते लिब्रेरातच बरं दिसलं. त्यावर फोन आडवा धरायचा. अर्धं पान दिसतं, पण ओळ पूर्ण दिसते.

लिब्रेरात पीडीएफचा मजकूर सुटा करून ईपबसारखा वाहता करायचीही सोय आहे. इंग्रजी पुस्तकाला ती छान चालते. मराठीत मी हौसेने दाबलं आणि पडद्यावर टोप्या नि ठिपके घातलेली इंग्रजी अक्षरं आली. ॲपचा त्यात काही दोष नाही. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला वेगळा क्रमांक द्यायची पद्धत, रुळण्याआधी आपल्याकडे श्रीलिपी, कृतीदेव असल्या फाँटांत पुस्तकं जुळवली गेली. त्यात आत साठवलेलं अक्षर इंग्रजीच असतं, फक्त अंगरखा मराठी. अंगरखा काढला की असं उघडं पडतं. म्हणूनच अशा पीडीएफमध्ये 'विहीर' शोधलं तर विहीर सापडत नाही, समोर दिसत असली तरी. आणि स्कॅन असेल तर आत अक्षरच नसतं, नुसता फोटो.

विकतच्या पुस्तकांसाठी फोनमध्ये ॲमेझॉनचं किंडल ठेवलंय. २०१६ च्या डिसेंबरपासून त्यावर मराठी पुस्तकं मिळतात, आणि एकदा उतरवली की माझ्या विमान मोडच्या परीक्षेत ती उघडतात. पण तिथलं पुस्तक तिथेच वाचायचं, बाहेर काढून रीडएरात नेता येत नाही. गूगल प्ले बुक्सवर आपली पीडीएफ-ईपब चढवता येतात. घरी वायफाय आहे, दोन फोन आहेत, अशांना ते सोयीचं, कारण या फोनवरचं पान त्या फोनवर सापडतं. मला चढवायला रेंज लागते आणि उतरवायलाही, म्हणून ते राहिलं.

शेवटची गोष्ट वाचून दाखवायची. रीडएरात बोलून वाचायची सोय आहे, आणि अँड्रॉइडचा गूगलचा मराठी आवाज तिला जोडता येतो. मात्र तो आवाज रेंज असतानाच डेपोत उतरवून ठेवावा लागतो. डोळे चुरचुरायला लागले की मी तो लावतो. बाईचा आवाज आहे, स्वच्छ, पण रडणं नि भांडण एकाच सुरात. 'रा. रा.' आलं की 'रा' आणि 'रा' असं सुटं म्हणते, 'पृ. ४२' ला अडखळते. ड्रायव्हरसाहेब आधी कुरकुरले, "झोपू द्या हो मास्तर." गेल्या महिन्यात एका रात्री मी मधेच बंद केलं, तर पुढच्या सीटवरून अंधारातून आवाज आला, "त्या पोराचं काय झालं मग?"

दुसऱ्या दिवशी चहाला थांबलो तेव्हा त्यांच्या फोनमध्ये रीडएरा घालून दिलं. अक्षर २४ वर ठेवलंय, बटणांनी पान उलटायचं चालू केलंय. मराठी आवाज उतरवायचा राहिला, त्यांच्या फोनमध्ये नातवाचे व्हिडिओ इतके आहेत की जागाच नाही.