वैयक्तिक व्यायाम प्रशिक्षक : लक्ष्मीनगरमधील अनुभव

नागपुरात वैयक्तिक प्रशिक्षक लावण्याचा विचार करणाऱ्या, विशेषतः पन्नाशीच्या आसपास असलेल्या आणि व्यायामाची सवय नसलेल्या वाचकांसाठी हा अभिप्राय लिहीत आहे. लक्ष्मीनगर भागातील एका लहान व्यायामशाळेत स्वतंत्रपणे शिकवणाऱ्या प्रशिक्षकांकडे मी उन्हाळ्याच्या तोंडावर जाऊ लागले आणि पावसाळा सरत आला तरी जात आहे. ते जाहिरात करत नाहीत आणि आपले नाव कुठे छापून येऊ नये अशी त्यांची इच्छा आहे. त्यामुळे चांगला प्रशिक्षक कसा ओळखावा, हे त्यांच्या कामावरून सांगण्याचा प्रयत्न करते. माझे मत आधीच नोंदवते. पैसे सार्थकी लागले, आणि त्यातला मोठा वाटा पहिल्या पंधरवड्यातच वसूल झाला, जेव्हा मी जवळपास काहीच वजन उचलले नव्हते.

पहिल्या भेटीत व्यायाम झालाच नाही. छातीत कधी दुखते का, चक्कर येते का, कोणत्या सांध्याचा त्रास आहे, कोणती औषधे चालू आहेत, डॉक्टरांनी काही मनाई केली आहे का, असे प्रश्न विचारून त्यांनी उत्तरे वहीत लिहून घेतली. मला रक्तदाबाची गोळी आहे हे कळल्यावर त्यांनी गोळीचे नाव विचारले आणि डॉक्टरांची चिठ्ठी आणल्याशिवाय सुरुवात करणार नाही असे स्पष्ट सांगितले. माझी गोळी बीटा-ब्लॉकर प्रकारातली आहे. या औषधाने हृदयाची गती मुळातच कमी राहते. त्यामुळे २२० मधून वय वजा करून काढलेला कमाल हृदयगतीचा आकडा, जो जवळपास प्रत्येक ट्रेडमिलवर चिकटवलेला असतो, माझ्यासारख्या व्यक्तीला लागू पडत नाही. तो आकडा गाठण्याच्या नादात माणूस नको तितका दमू शकतो. त्यांनी मनगटावरचे घड्याळ बाजूला ठेवायला लावले आणि दोन साध्या खुणा दिल्या : व्यायाम करताना सलग वाक्य बोलता आले पाहिजे, आणि शून्य ते दहाच्या मापावर श्रम पाच-सहाच्या पुढे जाता कामा नयेत. एवढी एक गोष्ट ज्या प्रशिक्षकाला ठाऊक आहे, त्याच्या हाती आपले शरीर सोपवायला हरकत नाही, असे मला त्याच दिवशी वाटले.

दुसऱ्या भेटीत मोजमापे झाली. व्यायामशाळेत शरीरातील चरबीचे प्रमाण सांगणारे विजेवर चालणारे यंत्र आहे, पण त्यांनी त्यावर फारसा भर दिला नाही. शरीरातील पाण्याच्या प्रमाणानुसार त्या यंत्राचे आकडे वर-खाली होतात, आणि नागपूरच्या एप्रिल-मे महिन्यांत सकाळचे पाणी आणि संध्याकाळचे पाणी यांत केवढा फरक पडतो हे आपण जाणतोच. त्याऐवजी त्यांनी साध्या फितीने कंबर मोजली. भारतीय स्त्रियांसाठी ८० आणि पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर ही धोक्याची पातळी मानली जाते, हेही सांगितले. मग भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून हात छातीशी बांधून अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता-बसता येते ते पाहिले. तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर आहे आणि आजही आम्ही त्याच्याशीच तुलना करतो.

त्यानंतरचे दिवस काठीचे होते. पाठीला समांतर एक लाकडी काठी धरायची, ती डोक्याचा मागचा भाग, दोन खांद्यांच्या मधली जागा आणि माकडहाड अशा तीन ठिकाणी टेकलेली ठेवायची, आणि कंबर मागे ढकलत वाकायचे. ऐकायला हे सोपे वाटते. माझी काठी मात्र वाकायला सुरुवात करताच माकडहाडापासून सुटत असे, म्हणजे मी कमरेच्या सांध्यातून न वाकता पाठीच्या मणक्यातून वाकत होते, आणि घरात बादली उचलताना, गॅसचे सिलिंडर सरकवतानाही तेच करत आले होते. काठी तिन्ही ठिकाणी टेकून राहू लागेपर्यंत त्यांनी हाती वजन दिले नाही. मी अधीर झाले की ते म्हणत, "ताई, घाई काहून करता? वजन कुठं पळून नाही चाललं." गुडघ्यांच्या बाबतीतही हेच धोरण होते. उठबशा पूर्ण खोल घालायला लावण्याऐवजी आधी उंच बाकावर बसून उठणे, मग कमी उंचीच्या बाकावर, आणि त्यानंतर छातीशी एक डंबेल धरून, अशा पायऱ्या होत्या. प्रत्येक वेळी उठताना ते मला मोठ्याने आकडे म्हणायला लावतात. यामागे कारण आहे : जोर लावताना श्वास रोखला तर रक्तदाब एकदम चढतो, आणि तोंडाने आकडा म्हणणाऱ्याला श्वास रोखता येत नाही.

हे इतके तपशीलवार सांगण्याचे कारण असे, की येथे येण्यापूर्वी शहरातील एका मोठ्या, चकचकीत जिममध्ये मला मोफत चाचणी सत्र मिळाले होते. तेथील प्रशिक्षकाने औषधाचा एकही प्रश्न न विचारता पहिल्याच दिवशी उड्यांचे प्रकार करायला लावले आणि तासाच्या शेवटी वार्षिक पॅकेजचा कागद पुढे केला. त्यानंतर मला जिना उतरणे कठीण झाले, आणि चौकशी केल्यावर "दुखतंय म्हणजे व्यायाम लागू पडला" असे उत्तर मिळाले. नवीन व्यायामानंतर एक ते तीन दिवस स्नायू दुखणे सामान्य आहे, हे खरे. पण दुखणे हे व्यायामाच्या गुणवत्तेचे माप नव्हे. अतिश्रमाने स्नायूंचे तंतू मोठ्या प्रमाणावर तुटले आणि लघवी गडद चहाच्या रंगाची होऊ लागली, तर ती तातडीने रुग्णालयात जाण्याची बाब असते. नवख्या माणसाला पहिल्याच दिवशी दमवून टाकणे हे कौशल्य नाही, ते कोणालाही जमते.

आठवड्यातून तीन दिवस मी त्यांच्याकडे जाते. तासाभरात चालणे किंवा सायकल जवळपास नसते. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. त्यातील पहिला भाग फुटाळ्यावर किंवा सेमिनरी हिल्सवर फुकट होतो, त्यासाठी मला पैसे देऊ नका, असे ते सांगतात. आपल्या कमाईवर पाणी सोडणारा हा सल्ला मला फार प्रामाणिक वाटला.

जागेविषयी थोडे. खोली लहान आहे, यंत्रे मोजकीच आहेत, वातानुकूलन नाही. मोठा कूलर आहे, आणि तो नवतपातही, म्हणजे मे अखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या दिवसांतही, पहाटे साडेपाचच्या सत्राला पुरेसा पडतो, कारण हवा कोरडी असते. जुलैनंतर मात्र दमट हवेत त्याचा उपयोग होत नाही आणि घाम वाळत नाही. पावसाळ्यात सुरुवात करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. स्त्रियांसाठी कपडे बदलण्याची स्वतंत्र जागा आहे आणि ती स्वच्छ असते.

आहाराच्या बाबतीत ही सेवा अपुरी आहे. ते प्रोटीन पावडर विकत नाहीत, ही चांगली गोष्ट आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांना वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत, म्हणजे माझ्या ६४ किलो वजनाला साधारण ५३ ग्रॅम, इतके त्यांनी सांगितले. पण वरण-भात, पोळी आणि भाजी या आपल्या रोजच्या जेवणातून ती कशी भरून काढायची, याचे मार्गदर्शन मिळाले नाही. ३० ग्रॅम कोरड्या तूरडाळीतून साडेसहा ग्रॅमच्या आसपास आणि एका अंड्यातून सहा ग्रॅम प्रथिने मिळतात; हा हिशेब मला आहारतज्ज्ञांकडे वेगळे पैसे देऊन समजून घ्यावा लागला. आपण आहारतज्ज्ञ नाही हे ते मान्य करतात, तेव्हा निदान एखाद्या तज्ज्ञांशी जोडून देण्याची सोय त्यांनी करायला हवी.

माझी दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. सकाळच्या सत्रात ते केवळ एकाच व्यक्तीकडे लक्ष देतात, पण संध्याकाळी साडेसहानंतर दोन सत्रे एकमेकांत मिसळतात. कार्यालयीन कामामुळे मला काही दिवस संध्याकाळी जावे लागले, तेव्हा मी वजन उचलत असताना ते खोलीच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्या शिकाऊ व्यक्तीजवळ उभे होते. संपूर्ण शुल्क घेऊन निम्मे लक्ष देणे योग्य नाही, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, पण वेळापत्रक अजून बदललेले नाही. ज्यांना पहाटे येणे शक्य नाही, त्यांना मी सध्या ही जागा सुचवणार नाही.

पात्रतेविषयी विचारणे संकोचाचे वाटते, तरी विचारावे. आपल्याकडे डॉक्टर किंवा वकिलांप्रमाणे व्यायाम प्रशिक्षकाची सक्तीची नोंदणी नाही, त्यामुळे फलक कोणीही लावू शकतो. या प्रशिक्षकांनी अमरावतीहून शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली आहे आणि प्रथमोपचाराचे प्रशिक्षणही घेतले आहे. शारीरिक शिक्षण देणारी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ही संस्था अमरावतीत १९१४ पासून उभी आहे. विदर्भात या विषयाचे रीतसर शिक्षण घेतलेली माणसे शोधली तर सापडतात, ही आपल्या भागाची जमेची बाजू आहे.

महिन्याच्या बारा सत्रांचे शुल्क ७,५०० रुपये आहे. एका महिन्यापेक्षा जास्त पैसे ते आगाऊ घेत नाहीत. आदल्या रात्री कळवल्यास चुकलेले सत्र पुढे मिळते, न कळवल्यास ते बुडते. हे नियम सुरुवातीला तोंडी होते. मी ते वहीच्या मागच्या पानावर लिहून घेऊन त्यांची सही घेतली आणि त्यांनी ती आनंदाने दिली. मोठ्या जिमशी तुलना करणाऱ्यांनी तेथील बिलावरील कर तपासावा, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमच्या सेवेवरील जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे आणि जुन्या दराने छापलेले पत्रक अजूनही हाती पडू शकते. येथे पहिली भेट विनाशुल्क आहे. तिला जाताना चालू औषधांची चिठ्ठी आणि अलीकडची रक्तदाबाची नोंद सोबत न्यावी.