एकच रेस्टॉरंट, तीच मैत्रीण: ठरलेला मेनू की मेनूकार्ड?

घराजवळच्या एखाद्या छान, नेटक्या रेस्टॉरंटमध्ये जवळच्या माणसाला जेवायला न्यायचं ठरलं, की बुकिंग करतानाच एक प्रश्न समोर येऊ शकतो. शेफने आखलेला पाच-सात कोर्सचा ठरलेला मेनू घ्यायचा, की मेनूकार्ड बघून आपल्या मनाने मागवायचं? मी दोन्ही करून पाहिलं आहे. जागा तीच होती, सोबत तीच मैत्रीण होती, मध्ये साधारण वर्ष गेलं होतं. दोन्ही जेवणं उत्तम होती. पण त्यातली एकच रात्र अजून मनात आहे.

पहिल्या वेळी सात कोर्सचा मेनू घेतला. त्याचं सुख आधी सांगते. काहीच ठरवावं लागत नाही. कार्डात डोकं घालून बसणं नाही, ‘तू काय घेतेस?’ नाही. दोघींच्या पुढे एकाच वेळी एकच पदार्थ येतो, त्यामुळे चवीबद्दल बोलताना दोघी एकाच गोष्टीबद्दल बोलत असतात. जेवण तुमच्याकडून असेल तर आणखी एक मोठी सोय: आकडा आधीच ठरलेला असतो, त्यामुळे पाहुणीला किमतीकडे बघत संकोचाने स्वस्तातलं काही मागवावं लागत नाही. पेयांचे पैसे मात्र बरेचदा वेगळे असतात, तेवढं आधी विचारून घ्या.

आता अडचण. सात कोर्स म्हणजे सात वेळा कुणीतरी टेबलाशी येणार, ताटलीत काय आहे ते समजावून सांगणार आणि नंतर सात वेळा ताटल्या उचलणार. यात वेटरची काहीच चूक नाही, ते त्याचं कामच आहे आणि तो ते मन लावून करत होता. त्या रात्री मैत्रीण तिच्या आईच्या आजारपणाबद्दल सांगायला लागली होती. दोन वाक्यं झाली आणि चौथा कोर्स आला. आम्ही मान वर करून ऐकलं, हसून आभार मानले. ‘काय सांगत होते मी?’ ती म्हणाली, आणि मग दुसरंच काहीतरी बोलायला लागली. जवळजवळ तीन तास बसलो आम्ही, पण तो विषय पुन्हा निघाला नाही.

एकामागून एक पदार्थ आणण्याची ही रीत तशी फार जुनी नाही. युरोपातल्या मोठ्या मेजवान्यांत पूर्वी पुष्कळसे पदार्थ एकदमच टेबलावर मांडत. क्रमाने वाढण्याची पद्धत तिथे 19व्या शतकात रुळली, आणि तिला अजूनही रशियन पद्धत म्हणतात. तिच्यामुळे पदार्थ गरम आणि योग्य वेळी समोर येतो हे खरं, पण जेवणाचा वेग स्वयंपाकघराच्या हातात जातो.

दुसऱ्या वेळी मेनूकार्डावरून मागवलं. दोघींनी दोन-दोनच कोर्स घेतले आणि ते मुद्दाम. एकीने तीन मागवले आणि दुसरीने एक, तर कुणीतरी रिकाम्या जागेसमोर बसून राहतं, आणि ते दोघींनाही अवघड होतं. ऑर्डर देतानाच वेटरला सांगितलं, ‘आम्हाला घाई नाही, मुख्य जेवण आम्ही सांगू तेव्हाच आणा.’ नीट चाललेल्या स्वयंपाकघराला हे अवघड नसतं. सुरुवातीचं संपेपर्यंत पुढचं थांबवून ठेवायची त्यांना सवय असते. फक्त टेबल किती वेळासाठी दिलं आहे ते बुकिंगच्या वेळी विचारा. दोन तासांची मर्यादा असेल तर हा सगळा बेत फसतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. पहिली रात्र शनिवारची होती, दुसरी मंगळवारची, आणि एवढ्यानेही खूप फरक पडतो. साधं बोलणं मीटरभर अंतरावरून साधारण 60 डेसिबलचं असतं. गजबजलेल्या रेस्टॉरंटमध्ये 80 च्या आसपासचा गोंगाट सहज होतो. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, हे एत्येन लोम्बार या फ्रेंच डॉक्टरने 1911 मध्ये मांडलं. शेजारचं टेबल मोठ्याने बोलतं म्हणून आपण मोठ्याने बोलतो, आणि आपल्यामुळे पलीकडचं टेबल. मनातली गोष्ट अशी ओरडून सांगता येत नाही. मोठ्या आवाजात गोड आणि खारट चव थोडी फिकी लागते, असंही प्रयोगांत दिसलं आहे. म्हणून पडदे, गालिचा, कापडी टेबलक्लॉथ असलेली जागा निवडा. नुसती काच आणि उघडं काँक्रीट असेल तर आवाज घुमतो. शक्य असेल तर कोपऱ्यातलं टेबल मागा आणि समोरासमोर न बसता काटकोनात बसा. अंतर कमी होतं, आवाज खाली ठेवता येतो. शिवाय सतत एकमेकींच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, म्हणून काही गोष्टी सांगणं सोपं जातं.

काही खाणं वर्ज्य असेल तर दोन्हीकडे आधी सांगा. ठरलेल्या मेनूत ऐन वेळी बदल करणं त्यांना जास्त जड जातं, आणि पुष्कळ ठिकाणी तो मेनू अख्ख्या टेबलाने घ्यावा लागतो.

माझा कौल असा. वाढदिवस, बढती, साजरं करण्यासारखं काहीही असेल, किंवा नेहमी भेटत असाल आणि खाण्याचीच हौस असेल, तर ठरलेला मेनू घ्या, हात आखडू नका. नुकती ओळख असेल तरीही तोच बरा. बोलणं अडलं तर पुढची ताटली मदतीला येते. पण बऱ्याच दिवसांनी भेटताय आणि समोरच्याच्या मनात काही साठलंय असं वाटत असेल, तर आठवड्यातली एखादी मधली रात्र, कोपरा आणि मेनूकार्ड.

त्या मंगळवारी मुख्य जेवणाच्या ताटल्या उचलल्या गेल्यावर बराच वेळ टेबलावर फक्त पाण्याचे ग्लास होते. तेव्हा तिने आईचं सगळं सांगितलं, अगदी पहिल्या तपासणीपासून. वेटर गोडाचं कार्ड घेऊन निघाला होता. त्याने लांबूनच आमच्याकडे पाहिलं आणि तो परत फिरला. गोड मागवायचं त्या रात्री राहूनच गेलं.